आदेश दिला, पण तो पोहोचला का? घरी बनवलेल्या मॉडेल रेल्वे कंट्रोलमधून संशोधनाचे धडे



पेटची तयारी करणाऱ्या आणि एमएस्सी, बीईच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "आमच्या गावात लॅब नाही, मग संशोधनाची सवय लागणार कशी?" त्यालाच जोडून दुसरा: "प्रोजेक्ट आणि रिसर्च यात नेमका फरक काय?" आज दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच उदाहरणातून देणार आहे. उदाहरण आहे मॉडेल रेल्वेचं, म्हणजे टेबलावर धावणाऱ्या छोट्या आगगाडीचं, आणि तिचा डिजिटल कंट्रोल घरी बनवण्याचं.

मी सटाण्याचा. आमच्या बागलाण तालुक्यात रेल्वे नाही. गाडी बघायची तर एसटीने मनमाड नाहीतर नाशिक रोड गाठायचं. पण या विषयासाठी खरी रेल्वे जवळ असायची गरज नाही. एक टेबल, थोडे रूळ, एक-दोन मायक्रोकंट्रोलर आणि एक वही पुरते. ज्यांना छोट्या गाड्यांचं जग प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांनी पुण्याला कर्वे रस्त्यावरचं जोशी रेल्वे म्युझियम जरूर बघावं. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं हे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे गाड्या बघताना एक प्रश्न मनात ठेवा: कोणती गाडी या क्षणी कुठे आहे, हे यंत्राला कसं कळत असेल? या लेखाचा सगळा भार त्याच प्रश्नावर आहे.

जुनी पद्धत आणि तिची अडचण

साध्या मॉडेल रेल्वेत दोन रुळांना डीसी व्होल्टेज देतात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी मागे जाते. एच-ओ या लोकप्रिय मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याएवढ्या गाड्यांना, साधारण १२ व्होल्टपर्यंत देतात. समजायला एकदम सोपं.

पण त्याच रुळावर दुसरं इंजिन ठेवलं की तेही धावायला लागतं, कारण वीज दोघांनाही सारखीच मिळते. एकाला थांबवून दुसऱ्याला चालवायचं तर रुळांचे वेगवेगळे तुकडे करायचे, प्रत्येकाला स्विच लावायचा आणि गाडी पुढे सरकेल तसे स्विच बदलत बसायचं. इथे माणूस खरं म्हणजे रूळ चालवत असतो. त्याला चालवायचं असतं इंजिन.

दोन तारांवर वीजही आणि निरोपही

यावरचा उपाय म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, थोडक्यात डीसीसी. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीचा आधार घेऊन अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात त्याचं मानक ठरवलं. मानक सगळ्यांसाठी खुलं आहे, म्हणून तर आपण ते घरी बनवू शकतो.

कल्पना अशी: रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज ठेवायचं, पण त्याची दिशा सतत उलटसुलट करायची. ही उलटापालट किती वेळाने होते, त्यातच निरोप लपलेला असतो. दोन्ही अर्धे भाग ५८-५८ मायक्रोसेकंदांचे असतील तर तो बिट '१'. दोन्ही साधारण १००-१०० मायक्रोसेकंदांचे असतील तर तो बिट '०'. इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाचं छोटं सर्किट असतं. ते याच विजेवर चालतं, हाच निरोप वाचतं आणि मोटरला किती वीज द्यायची ते ठरवतं.

मनमाडच्या प्लॅटफॉर्मवरची उद्घोषणा आठवा. ती सगळ्यांसाठी असते, पण प्रत्येक जण फक्त आपल्या गाडीचा नंबर येतो का तेवढंच ऐकतो. डीसीसीत तसंच आहे. निरोप सगळ्या इंजिनांपर्यंत जातो, पण ज्याचा पत्ता आहे तेच हालचाल करतं.

एक पॅकेट हाताने सोडवू

समजा ३ नंबरच्या इंजिनाला '२८ पायऱ्यांपैकी १३ व्या पायरीच्या वेगाने पुढे जा' असं सांगायचं आहे. पॅकेट असं बनतं:

- सुरुवातीला किमान १४ वेळा '१'. ही झोपलेल्याला उठवणारी घंटा.
- मग '०' आणि पत्ता: ००००००११
- मग '०' आणि आदेश: ०११०१०००
- मग '०' आणि तपासणीचा बाइट: ०११०१०११
- शेवटी '१'

तपासणीचा बाइट कसा आला? पत्ता आणि आदेश एकाखाली एक लिहा. ज्या रकान्यात दोन्ही आकडे सारखे तिथे ०, वेगळे तिथे १. झालं. यालाच एक्सॉर म्हणतात.

आता वेळ मोजू. या पॅकेटमध्ये एकूण ४२ बिट आहेत. त्यात २५ वेळा '१' आणि १७ वेळा '०'. '१' ला ११६ मायक्रोसेकंद लागतात, '०' ला २००. म्हणजे २९०० + ३४०० = ६३०० मायक्रोसेकंद, म्हणजेच ६.३ मिलिसेकंद. एका सेकंदात अशी साधारण १५८ पॅकेटं जातात.

ऐकायला भरपूर वाटतात. पण २० इंजिनं असतील आणि प्रत्येकाला पाळीपाळीने निरोप जात असेल तर एकाच इंजिनाची पुढची पाळी १२६ मिलिसेकंदांनी येते. ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचा एच-ओ मापातला वेग येतो सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्यात गाडी जवळपास अडीच सेंटिमीटर पुढे गेलेली असते. 'थांब' हा निरोप रांगेत मागे राहिला तर सांध्यावर गाडी घसरायला एवढं अंतर पुरतं. म्हणून चांगल्या कंट्रोलमध्ये नवा आदेश रांग मोडून आधी पाठवतात आणि जुने आदेश सावकाश पुन्हा पुन्हा पाठवत राहतात.

बघा, अजून सोल्डरिंग गन हातात घेतलेली नाही, तरी कागदावर एक मर्यादा सापडली. संशोधनात याला फार महत्त्व आहे. आधी आकडेमोड, मग खरेदी.

घरी बनवायचं तर काय लागतं?

मुख्य भाग दोनच आहेत. पहिला मायक्रोकंट्रोलर, उदाहरणार्थ आर्डुइनो उनो. दुसरा एच-ब्रिज, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या नाजूक सिग्नलवरून रुळांना जोरकस वीज उलटसुलट देणारं सर्किट. नवशिके एल२९८ चं मॉड्यूल वापरतात. ते व्होल्टेज थोडं खातं आणि तापतं, पण शिकायला ठीक आहे. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत मिळतं, आणि ऑनलाइन मागवलं तर सटाण्यालाही घरपोच येतं.

वेळ मोजण्यासाठी प्रोग्राममध्ये 'इतका वेळ थांब' अशा सूचना देऊ नका. मध्येच दुसरं काम आलं की ५८ चे ६५ होतात. मानकानुसार '१' चा अर्धा भाग पाठवणाऱ्याने ५५ ते ६१ मायक्रोसेकंदांत ठेवायचा असतो. डिकोडरने ५२ ते ६४ पर्यंतचा स्वीकारावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे मायक्रोकंट्रोलरचा हार्डवेअर टायमर वापरायचा. उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं आहे. त्याला ८ ने भागलं की दर अर्ध्या मायक्रोसेकंदाला एक ठोका पडतो. मग ५८ मायक्रोसेकंद म्हणजे ११६ ठोके आणि १०० मायक्रोसेकंद म्हणजे २०० ठोके. दोन्ही संख्या २५५ च्या आत, म्हणून ८ बिटांचा टायमरही पुरतो.

पाठवणाऱ्याला ५५ ते ६१ आणि ऐकणाऱ्याला ५२ ते ६४, हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. पाठवताना काटेकोर राहायचं, ऐकताना थोडं सांभाळून घ्यायचं. रुळांवर, सांध्यांवर, घाणेरड्या चाकांवर सिग्नल बिघडणारच, हे गृहीत धरून केलेली ही सोय आहे.

इंजिन आणि डिकोडर हा खर्चाचा मोठा भाग. तो परवडत नसेल तर अडून बसू नका. दुसरा आर्डुइनो 'इंजिन' म्हणून वापरा. रुळांचा सिग्नल ६एन१३७ सारख्या ऑप्टोकपलरमधून त्याच्या पिनवर द्या आणि त्याला पॅकेट वाचायला लावा. पुढे सांगितलेल्या प्रश्नांपैकी काहींसाठी धावणाऱ्या गाडीची गरजच नाही.

सुरक्षेचं एक सांगतो. वीज घरच्या सॉकेटमधून थेट घ्यायची नाही, चांगला १५ व्होल्टचा अडॅप्टर वापरायचा. गाडी घसरली की दोन रूळ शॉर्ट होतात. प्रवाह मर्यादेबाहेर गेल्याबरोबर वीज तोडणारी सोय पहिल्या दिवसापासून हवी. धक्का बसणार नाही, पण चाकं आणि प्लॅस्टिक वितळेल.

आता खरा प्रश्न: आदेश पोहोचला का?

इथपर्यंत जे झालं तो प्रोजेक्ट. गाडी चालली, टाळ्या वाजल्या. संशोधन इथून पुढे सुरू होतं.

प्लॅटफॉर्मवरच्या उद्घोषणेला प्रवासी उत्तर देत नाहीत. साध्या डीसीसीतही चालत्या इंजिनाकडून पोच येत नाही. डिकोडरची सेटिंग बदलण्यासाठी वेगळ्या रुळावर गाडी ठेवली तर तो उत्तर देतो, तेही मजेदार पद्धतीने: सुमारे ६ मिलिसेकंद मोटर चालवून किमान ६० मिलिअँपिअर जादा प्रवाह ओढायचा, की कंट्रोलने समजायचं 'मिळालं'. पण रोजच्या धावण्यात तशी सोय नाही. नंतर लेन्झनेच रेलकॉम ही पद्धत आणली. तिच्यात पॅकेटनंतर छोटी शांतता ठेवतात आणि त्या वेळात डिकोडर बोलतो. ती नसेल तेव्हा भिस्त एकाच गोष्टीवर: तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवणे.

मग चुकीचा निरोप पोहोचला तर? तपासणीचा बाइट आहे ना? आपल्याच पॅकेटवर बघू. पत्त्यातला उजवीकडून तिसरा बिट बिघडला: ००००००११ चं झालं ०००००१११, म्हणजे ७. दुर्दैवाने आदेशातलाही तिसराच बिट बिघडला: ०११०१००० चं झालं ०११०११००, म्हणजे २१ वी पायरी. आता एक्सॉर करा. उत्तर पुन्हा ०११०१०११! एकाच रकान्यात दोन चुका झाल्या की तपासणीला त्या दिसतच नाहीत. ३ नंबरला १३ व्या पायरीचा निरोप होता आणि ७ नंबरचं इंजिन २१ व्या पायरीने सुटलं. ७ नंबरसाठीचं पुढचं बरोबर पॅकेट येईल तेव्हा ते सावरेल. हे किती वेळा घडतं? हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि दोन आर्डुइनोंवर तपासता येतो.

'रिकामा' म्हणजे नक्की काय?

कंट्रोलला गाडी कुठे आहे ते कळावं म्हणून रुळांचे ब्लॉक करतात आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रवाह वाहतो का ते बघतात. इंजिन वीज घेतंच. डब्यांच्या चाकांना १० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर १५ व्होल्टला दीड मिलिअँपिअर वाहतो, तोही पकडता येतो. नियम सोपा: प्रवाह आहे म्हणजे ब्लॉक भरलेला, प्रवाह नाही म्हणजे रिकामा.

आता या ब्लॉकची वायर तुटली असं समजा. प्रवाह शून्य. कंट्रोल म्हणतो, रिकामा. आणि दुसऱ्या गाडीला आत सोडतो.

खऱ्या रेल्वेत हाच प्रश्न नेमका उलट बाजूने सोडवलेला आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. त्यात ब्लॉकच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले असतो. रूळ रिकामा असताना रुळांतून प्रवाह वाहतो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत जात नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. बॅटरी संपली? रिले पडतो, लाल. वायर तुटली, रूळ तुटला? तरीही लाल. थोडक्यात, 'माहीत नाही' याचा अर्थ तिथे 'धोका' असा लावला आहे. आपल्या टेबलावरच्या सर्किटने त्याचा अर्थ 'सुरक्षित' असा लावला होता.

भारतीय रेल्वे ट्रॅक सर्किटबरोबर अ‍ॅक्सल काउंटरही वापरते. ब्लॉकमध्ये किती आस गेले आणि किती बाहेर आले ते मोजायचं. आकडा जुळला तरच रिकामा. लखनौच्या आरडीएसओने भारतीय कंपन्यांबरोबर विकसित केलेल्या 'कवच' प्रणालीत रुळांवर आरएफआयडी टॅग असतात. ते वाचून इंजिनालाच आपली जागा कळते, रेडिओवरून ती कळवली जाते आणि चालकाने ब्रेक लावला नाही तर यंत्रणा लावते. मॉडेलमध्ये हे उलट करता येतं: टॅग डब्याखाली, वाचणारं सर्किट रुळाखाली.

आपल्या कंट्रोलमध्ये एक पैसाही खर्च न करता करण्यासारखी सुधारणा अशी: गाडी हवेत विरघळत नाही. ३ नंबरचा ब्लॉक भरलेला होता आणि शेजारचा २ किंवा ४ भरल्याशिवाय तो अचानक 'रिकामा' झाला, तर त्याला रिकामा म्हणायचं नाही. त्याला तिसरी अवस्था द्यायची, 'माहीत नाही', आणि वागणूक मात्र भरलेल्यासारखी ठेवायची. प्रोग्राममध्ये चार-पाच ओळी वाढतात, पण विचाराची दिशा बदलते.

मोजायचं कसं? तीनचा नियम

समजा तुमचा दावा आहे: "माझा ब्लॉक-डिटेक्टर गाडी चुकवत नाही." हे सिद्ध करायला वेगळा साक्षीदार हवा. ब्लॉकच्या मधोमध इन्फ्रारेड सेन्सर लावा. तो 'गाडी आहे' म्हणेल त्या क्षणी डिटेक्टर काय म्हणतो ते नोंदवा. साक्षीदारही तपासून घ्या, कारण खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि साधा सेन्सर फसतो. ३८ किलोहर्ट्झवर चालणारा रिसीव्हर घेतला तर हा त्रास बराच कमी होतो.

आता १०० फेऱ्या मारल्या आणि एकही चूक झाली नाही. मग चुकीचं प्रमाण शून्य म्हणायचं का? नाही. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. 'न' प्रयत्नांत एकही चूक नसेल तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण ३ भागिले 'न' पेक्षा कमी आहे. म्हणजे १०० फेऱ्यांवरून ३ टक्क्यांपेक्षा कमी, ३०० फेऱ्यांवरून १ टक्क्यापेक्षा कमी. ४ मीटरचा रूळ आणि सेकंदाला १९ सेंटिमीटर वेग धरला तर एक फेरी २१ सेकंदांची. ३०० फेऱ्या पावणेदोन तासांत होतात. एक दुपार पुरते!

पण थांबा. हा नियम प्रत्येक फेरी स्वतंत्र आहे असं मानतो. चाकं हळूहळू काळी पडतात, मोटर तापते. पहिली फेरी आणि तीनशेवी फेरी सारखी नसते. म्हणून प्रत्येक फेरीचा क्रमांक आणि वेळ लिहायची, प्रयोग वेगवेगळ्या दिवशी करायचा, आणि एकदा चाकं पुसून, एकदा न पुसता करायचा. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट आकडाही द्यायचा. कारण टक्कर होते ती त्या एका वाईट वेळी.

प्रस्तावात हे कसं लिहाल?

मुलाखतीत "यात नवीन काय?" असं विचारतात तेव्हा बहुतेक जण वस्तूचं वर्णन करतात. फरक बघा.

"मी आर्डुइनो वापरून मॉडेल रेल्वेचा डिजिटल कंट्रोल बनवणार आहे." हा प्रोजेक्ट.

"पोच नसलेल्या डीसीसी पद्धतीत, ब्लॉक-डिटेक्टरला 'माहीत नाही' ही तिसरी अवस्था दिल्यास खोट्या 'रिकामा' संदेशांचं प्रमाण किती घटतं, आणि त्यासाठी गाड्या किती वेळा विनाकारण थांबतात?" हा संशोधनाचा प्रश्न. यात काय बदलणार, काय मोजणार आणि फायद्याची किंमत काय, तिन्ही आहे. शेवटचा भाग विसरू नका. सगळ्या गाड्या कायम थांबवून ठेवल्या तर एकही टक्कर होणार नाही, पण ती रेल्वे कशाला म्हणायची?

आणि आधीचं काम वाचा. ग्रेग बर्मन यांनी आर्डुइनोवर चालणारा डीसीसी++ हा कंट्रोल खुला करून दिला, त्यातून पुढे डीसीसी-ईएक्स वाढलं. संगणकाच्या बाजूने जेएमआरआय हे खुलं सॉफ्टवेअर आहे. त्याच्यामागचे रॉबर्ट जेकबसन यांना आपल्या कोडच्या परवान्यासाठी कोर्टात जावं लागलं. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने निकाल दिला की फुकट वाटलेल्या कोडच्या परवान्यातल्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. ओपन सोर्सच्या कायद्यातला हा महत्त्वाचा निकाल मॉडेल रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून आला आहे! तेव्हा कोड उचलताना परवाना वाचा आणि श्रेय लिहा.

या आठवड्याचा अभ्यास: वर दिलेल्या पॅकेटमध्ये पत्ता ५ करा आणि तपासणीचा बाइट व एकूण वेळ हाताने काढा. मग तपासणीला न दिसणारी दोन बिटांची अजून एक चूक शोधा आणि त्यामुळे कोणतं इंजिन काय करेल ते लिहा. दोन्ही जमलं की वहीच्या पुढच्या पानावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. सामानाची यादी त्याच्याखाली.